गळा बसलेलं यंत्र

प्रयोगशाळेत तिला सगळे खात्रीबाई म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे खात्रीबाई. हे पाठीमागचं नाव तिच्या कानावर पोचूनही बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे त्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुणी आनंदाने काही दाखवायला आलं की तिचा प्रश्न ठरलेला: खात्री केली का? समोरच्याचा चेहरा पडायचा आणि तो निमूट परत जाऊन सगळं पहिल्यापासून तपासायचा. बऱ्याचदा काहीतरी चुकलेलं निघायचं. कधी निघायचं नाही, तेव्हा लोक चिडायचे. तिला दोन्ही चालायचं.

ही खोड तिच्या वडिलांची. ते ट्रक तोलायच्या मोठ्या काट्यावर नोकरीला होते. रिकामा ट्रक तोलल्याशिवाय भरलेल्याचं वजन ते सांगत नसत, मग ड्रायव्हर कितीही घाईत असो. लहानपणी सुट्टीत ती त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसायची आणि ड्रायव्हर लोकांचं बोलणं ऐकायची. शिकली, मोठी झाली, पदार्थविज्ञानात गेली. हुशार होती, पण वर्गात चमकणाऱ्यांतली नव्हती. चमकणारे पुढे दुसरीकडे निघून गेले. ही सरांच्या प्रयोगशाळेत राहिली आणि हळूहळू तिथल्या मोठ्या यंत्राची जबाबदारी तिच्याकडे आली.

सरांना हायड्रोजनचं वेड होतं. हायड्रोजन म्हणजे सगळ्यात साधा अणू. मधे एक कण, भोवती एक इलेक्ट्रॉन, संपला संसार. संसार इतका सुटसुटीत, की हा अणू नेमक्या कुठल्या रंगाचा प्रकाश गिळेल ते आधीच गणित करून सांगता येतं. मग प्रत्यक्ष मोजून पाहायचं. आकडा जुळला तर निसर्ग आपल्याला कळलाय, आणि दशांशाच्या अगदी शेवटच्या घरात जरी फरक पडला तरी काहीतरी मोठं आपल्या नजरेतून सुटलंय. सर हे सांगायला लागले की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा.

अडचण एवढीच, की हा अणू एका जागी टिकत नाही. साध्या खोलीत तो बंदुकीच्या गोळीपेक्षा जोरात पळतो, आणि पळणाऱ्याचं माप नीट घेता येत नाही. भिंतीला लागला की चिकटतो. दुसरा भेटला की जोडी जमवून रेणू होतो, म्हणजे कामातून गेलाच. म्हणून त्याला आधी भयंकर थंड करायचं आणि मग भिंती नसलेल्या वाटीत ठेवायचं. ही वाटी चुंबकाची. तिला हात लावता येत नाही, ती डोळ्यांना दिसत नाही, पण गारठलेला अणू तिच्यात अलगद तरंगत राहतो. चुंबकाच्या गुंडाळ्या द्रवरूप हेलियमच्या हौदात बुडवलेल्या, आणि हा हौद पुरुषभर उंचीच्या पोलादी भांड्यात. तेच ते मोठं यंत्र.

अणू सापडला हे कळायचं कसं, तर त्याच्यावर न दिसणारा लेझर सोडायचा. नेमका रंग लागला की अणू तो गिळून क्षणभर जागा होतो. मग विजेचा हलका धक्का दिला की गिळलेलं परत टाकतो, आणि तेवढा ठिपकाभर प्रकाश टिपायला डिटेक्टर टपून बसलेला असतो. पण तोच लेझर यंत्राच्या काचेवर पडला की काचही मिणमिणते. त्यामुळे डिटेक्टरने हो म्हटलं तरी दिसले ते अणू की काच, हा प्रश्न उरायचाच. दुसरी एक ढोबळ खूण होती. चुंबकाचा करंट उतरवला की वाटी उथळ होते, अणू सांडून भिंतीवर पडतात, जोड्या जमवतात, आणि त्यात सुटलेली ऊब तिथल्या नाजूक तापमापकाला कळते. आजवर जितक्या वेळा सांडून पाहिलं होतं, तितक्या वेळा तापमापक ढिम्म राहिला होता.

तिचा नवरा त्याच इमारतीत हेलियमचा मिस्त्री होता. हेलियम द्रवरूप करायचं, नळ्यांतून यंत्रात भरायचं, उकळून गेलेला वायू परत गोळा करायचा, हे त्याचं काम. दोघांची ओळख भांडणातून झाली. हिचं म्हणणं एका जोडात गळती आहे, त्याचं म्हणणं नाही. हिने त्याला तो जोड पुन्हा पुन्हा तपासायला लावला, आणि शेवटी केसाएवढी फट निघाली. लग्नानंतर तो लोकांना सांगायचा, "गळती शोधायला गेलो आणि गळ्यात पडून आलो." घरी तो तिला अगं म्हणायचा, कामावर मॅडम. ती मात्र दोन्हीकडे अहो. सासूबाईंना या मॅडमची फार गंमत वाटायची. जेवताना त्या मुलाला मुद्दाम विचारायच्या, "काय रे, आज मॅडम ओरडल्या का?" आणि सुनेकडे बघून हसायच्या.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं, त्या दिवशी सकाळीच यंत्र भरून झालं होतं. दुपारी जेवणं आटोपून सगळे तळघरातल्या हॉलमध्ये परतले. सर होते, लेझर सांभाळणारी विद्यार्थिनी होती, ही होती. विद्यार्थिनी लेझरचा रंग कणाकणाने सरकवत होती. स्क्रीनवरची रेष सपाट पुढे जात होती, आणि मग एका जागी ती वर उचलली. लहानसा उंचवटा झाला आणि रेष परत खाली आली.

विद्यार्थिनीने तोच भाग पुन्हा घेतला. उंचवटा पुन्हा आला, त्याच जागी.

"ताई," ती हळूच म्हणाली, "दिसतंय."

सर खुर्ची सोडून स्क्रीनजवळ आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सरांनी न वळताच विचारलं, "बोला, खात्रीबाई."

ते नाव त्यांनी पहिल्यांदाच तिच्या तोंडावर घेतलं होतं.

"हायड्रोजन बंद करून बघू," ती म्हणाली. "अणू नसतानाही हे दिसलं, तर ती काच आहे."

हायड्रोजनची कळ समोरच्या भिंतीवर होती. ती तिकडे गेली, कळीवर हात ठेवला, आणि तसाच ठेवून उभी राहिली. कळीच्या बाजूला काचेची एक उभी नळी होती, आणि तिच्यात एक लहानसा गोळा. हौदातलं हेलियम सदानकदा थोडं थोडं उकळत असतं. तो वायू यंत्राच्या गळ्यातून, म्हणजे भांड्याच्या वरच्या अरुंद नळकांड्यातून, वर येऊन या नळीतून परत जातो, आणि जाताना गोळ्याला अधांतरी नाचवत ठेवतो. इतक्या वर्षांत तिने तो गोळा स्थिर पाहिला नव्हता. आता तो तळाशी बसला होता.

तिने काचेवर नखाने टकटक केलं. गोळा हलला नाही. तिने यंत्रावरच्या दाबाच्या गेजकडे पाहिलं. काटा नेहमीच्या जागेच्या बराच पुढे होता, आणि ती पाहत असताना आणखी जरासा सरकला.

ती कळ तशीच सोडून फोनकडे गेली. "अहो, खाली या. लगेच."

मिस्त्री आला. त्याने आधी गोळा पाहिला, मग परतीच्या नळीला हात लावला. एरवी त्या नळीवर पांढरं हिव धरलेलं असे. आता ती कोरडी होती, खोलीइतकीच कोमट. त्याने हात पँटला पुसला.

"गळा बसलाय याचा," तो म्हणाला. "वरच्या रबराच्या कड्याला चीर गेली असणार. बाहेरची हवा आत ओढली गेली आणि गळ्यात गोठून बसली. बूच झालंय बर्फाचं."

"आणि सुरक्षेची झडप?" सरांनी विचारलं.

"ती बुचाच्या वर आहे, सर. दारं दोन ठेवलीत, पण जिना एकच."

म्हणजे हेलियम उकळत राहणार, आणि वायूला बाहेर पडायला वाट नाही. दाब वाढत वाढत जाणार, आणि भांड्याला सोसवेनासा झाला की भांडं फुटणार. ते नेमकं कधी, हे कुणालाच सांगता आलं नसतं. वरच्या मजल्यांवर वर्ग चालू होते.

खात्रीबाईला आपला आवाज ऐकू आला. तो नेहमीपेक्षा बारीक होता. "सर, वरची इमारत रिकामी करा. घंटा वाजवू नका, जिन्यात चेंगराचेंगरी होईल. प्रत्येक वर्गात जाऊन सांगा." मग विद्यार्थिनीला म्हणाली, "लेझर बंद कर आणि सरांबरोबर जा."

"आणि रेकॉर्डिंग, ताई?"

"चालू राहू दे. तू जा."

दोघं गेले. हॉलमध्ये नवरा-बायको आणि यंत्र, एवढेच उरले.

पहिला धोका चुंबकाचा होता. त्याच्या गुंडाळ्यांत जो करंट फिरत होता, तो एकदम तुटला असता तर त्याची सगळी ताकद उष्णता होऊन हौदात उतरली असती, आणि हेलियम एका दमात उकळलं असतं. करंट हळूहळूच उतरवायला हवा होता. ती चुंबकाच्या पॅनेलसमोर बसली आणि गोल खुंटी सावकाश फिरवू लागली. तिला ती गरकन फिरवून पळून जावंसं वाटत होतं. तळव्याला घाम फुटला. तिने एक हात ओढणीला पुसला, मग दुसरा, आणि फिरवत राहिली. मिस्त्री कपाटातून तांब्याची लांब पोकळ नळी काढत होता. नळीचं एक टोक त्याने रबरी पाइपने हेलियम वायूच्या सिलिंडरला जोडलं. नळी गळ्यात घालायची, तिच्यातून कोमट वायू बुचावर सोडायचा आणि बर्फ वितळवत वाट काढायची, असा तो उपाय. हा त्याने आयुष्यात एकदाच केला होता, तोही लहान भांड्यावर.

करंट निम्म्यावर आला असेल, तेव्हा शेजारच्या स्क्रीनवरची तापमानाची रेष एकाएकी वर चढली.

तिचा हात जागीच थांबला. गुंडाळी तापायला लागली, हेच तिच्या मनात आलं. म्हणजे आता सगळा करंट हौदात उतरणार. तिने डोळे मिटून घेतले, मग उघडले, कारण मिटून काही होणार नव्हतं. गुंडाळ्यांवरचा व्होल्टेज दाखवणारा आकडा तिने पाहिला. तो शून्याजवळ शांत होता. पुन्हा पाहिला. शांतच. गुंडाळ्या थंड होत्या. तापलं होतं ते दुसरंच काही.

"काय झालं?" यंत्राच्या मचाणावरून मिस्त्रीने विचारलं.

तिने रेषेकडे पाहिलं. रेष शिखरावर जाऊन आता हळूहळू उतरत होती.

"काही नाही," ती म्हणाली. "अणू सांडले."

"म्हणजे होते?"

"होते."

"बरं," तो म्हणाला, आणि हातमोजे चढवायला लागला.

एवढ्या वर्षांच्या कामाचा आनंद तिला तेव्हा झालाच नाही. आनंदाला जागाच नव्हती. तिने खुंटी पुन्हा फिरवायला घेतली. करंट शून्यावर आला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण ओठ दातांखाली इतका धरला होता की रक्त आलंय.

सर परत आले ते दारातच थांबले. "इमारत रिकामी आहे," ते म्हणाले. धापा टाकत होते. "चला, तुम्ही दोघंही निघा. यंत्र जाऊ दे."

ज्या यंत्रावर सरांची उमेदीची वर्षं गेली होती, त्याबद्दल ते हे बोलत होते. तिने गेजकडे पाहिलं. काटा लाल पट्टीत शिरला होता.

"थोडक्या वेळात होईल काम," मचाणावरून मिस्त्री म्हणाला.

"मी करते," ती म्हणाली. "तुम्ही खाली या."

"तुझा हात बसलेला नाही. बुचाला नळी टेकली की जोर किती द्यायचा ते हाताला कळावं लागतं. जास्त झाला तर नळी वाकेल, मग संपलंच." तो मॅडम म्हणायचं विसरला होता. "तू सिलिंडर सांभाळ. मी सांगेन तसा वायू सोड."

या हॉलमध्ये शेवटचा शब्द तिचा होता. नाही म्हणाली असती तर तो उतरला असता; कुरकुर करत, पण उतरला असता. सर दारात उभे राहून तिच्याकडे बघत होते. तिने होकारार्थी मान हलवली, आणि सिलिंडरपाशी जाऊन बसली.

मिस्त्रीने गळ्यावरची झाकणी सोडली. गळ्यावर वाकायचं नाही, बाजूला उभं राहायचं, हे त्याने स्वतःलाच बजावल्यासारखं मोठ्याने म्हटलं. नळी हातभर आत गेली, आणखी आत गेली, आणि खट आवाज होऊन थांबली.

"टेकली. सोड थोडा."

तिने वायू सोडला. सुळसुळ असा आवाज आला. त्याने नळी जरा उचलली, टेकवली, जरा फिरवली.

"अजून थोडा. बस. आता तेवढाच ठेव."

दोघांत बोलणं एवढंच. नळी कणाकणाने उतरत होती. एकदा त्याने हात थांबवून मान वळवली आणि डोक्यावरचा घाम खांद्याला टिपला. गेजचा काटा आता थरथरत होता. भांड्याच्या पोलादातून कुठूनतरी कुरकुरल्यासारखा आवाज आला, आणि तिला वाटलं की झालं.

"सरकतेय," तो म्हणाला. "अगं, सरकतेय. बाजूला हो."

पुढचं तिला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. आधी शिट्टीसारखा आवाज, मग गर्जना. गळ्यातून पांढरा लोट छतापर्यंत उसळला, छताला आपटून पसरला आणि मचाण त्यात दिसेनासं झालं. हवेतला प्राणवायू कमी झाल्याचा इशारा देणारी घंटा कर्कश वाजायला लागली. हेलियमचा वास येत नाही, गुदमरल्यासारखंही होत नाही. माणूस नुसता खाली बसतो. हे ती नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगत आली होती. तिने छाती भरून श्वास घेतला, तो कोंडला, आणि मचाणाची शिडी चढली. हाताला कापड लागलं. शर्टाची कॉलर होती. तिने ती धरून ओढली. तो आला, पाय अडखळत पण स्वतःच्या पायांवर. सरांनी दार दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. ते बाहेर पडले तेव्हा अंगणात ऊन होतं आणि रस्त्यापलीकडे विद्यार्थ्यांचे घोळके काय झालं म्हणून विचारत उभे होते.

मिस्त्री भिंतीला टेकून बसला आणि उजवा हात पुढे करून पाहत राहिला. हातमोजा लाकडासारखा कडक झाला होता. "मोकळा झाला गळा," तो म्हणाला. "पण बोटं जाणवत नाहीत मला."

दोन बोटांची टोकं वाचली नाहीत. बाकीचा हात वाचला. यंत्रही वाचलं, पण हेलियम सगळं उडून गेलं होतं, आणि ते पुन्हा मिळून यंत्र उभं राहायला बरेच महिने जाणार होते.

दवाखान्यातून ती दोघं घरी आली. सासूबाईंनी मुलाच्या हाताचं बँडेज पाहिलं, सगळं ऐकून घेतलं. मग सुनेला म्हणाल्या, "तू होतीस ना तिथे?"

"होते, आई."

"तुझ्या शब्दाबाहेर तिथे कुणी जात नाही म्हणे."

"आई, मी काय लहान आहे?" मिस्त्री म्हणाला. "माझं काम होतं ते."

"तुला नाही विचारलं," सासूबाई म्हणाल्या. उत्तराची वाट मात्र त्यांनी पाहिली नाही. उठून आत गेल्या.

त्यानंतर घरात भांडण झालं नाही, आणि तेच वाईट होतं. जेवताना चेष्टा थांबली. सासूबाई सुनेशी बोलायच्या त्या कामापुरतं: दूध आलंय, किल्ली ठेवलीय. मिस्त्री डाव्या हाताने जेवायला शिकत होता, आणि दोघींकडे आळीपाळीने बघत होता. ती रोज कामावर जायची आणि रोज त्या होकाराशी येऊन अडकायची. वरचे वर्ग रिकामे होते. करंट उतरला होता. जाऊ दिलं असतं तर गेलं असतं ते पोलाद आणि तांबं. हे तिला त्या वेळीही माहीत होतं. मग मान का हलली? अणू होते हे नुकतंच कळलं होतं म्हणून? तिने स्वतःला हा प्रश्न कितीदा विचारला, पण खात्रीलायक उत्तर मिळालं नाही.

सरांना तापमानाची ती रेष जगाला दाखवायची घाई होती. तिने अडवलं. अणू वाटीत होते, एवढं त्यातून सिद्ध होतं. लेझरला दिसले तेच होते की काच, हे अजून तपासलेलंच नव्हतं. सर चिडले, मग थांबले. दुरुस्तीच्या वेळी तिने यंत्राला दुसरा, पूर्णपणे वेगळा गळा मागितला, आणि तो होईपर्यंत एक थेंब हेलियम भरू दिलं नाही. शिवाय नियम केला: गळा बसला तर सगळ्यांनी बाहेर पडायचं, यंत्राचं काय व्हायचं ते होवो. नियम वाचून मिस्त्री म्हणाला, "हा माझ्यासाठी आहे का?"

"माझ्यासाठी आहे," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी उंचवटा परत दिसला. या वेळी तिने हायड्रोजनची कळ खरोखर बंद केली. रेष सपाट झाली. कळ चालू केली, उंचवटा उगवला. दिवसभर हेच केलं, विद्यार्थिनी कंटाळून रडकुंडीला येईपर्यंत. संध्याकाळी तिने सरांना सांगितलं, "हो. अणूच आहेत." सर खुर्चीत बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले.

ती बातमी घरी कळली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मला बघायचंय ते." दोघांनाही आश्चर्य वाटलं. आजवर त्या कधी तिथे आल्या नव्हत्या.

सुट्टीच्या दिवशी ती त्यांना घेऊन गेली. मिस्त्री सिलिंडरांच्या कामात होता. सासूबाईंनी लेझर पाहिला नाही, स्क्रीन पाहिली नाही. "तो कुठे उभा होता?" एवढंच विचारलं. तिने मचाण दाखवलं. गुडघे दुखत असूनही त्या कठड्याला धरून शिडी चढल्या, गळ्याच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि तिथून दाराकडे बघितलं.

"इथून पळता आलं नसतं," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आणि तू कुठे होतीस?"

ती खाली सिलिंडरपाशी जाऊन उभी राहिली. सासूबाईंनी वरून पाहिलं. दोघींच्या मधे हात लांब केला तर पोचेल एवढंच अंतर होतं.

"फुटलं असतं तर तूही गेली असतीस."

"हो, आई."

"तू एवढी जवळ होतीस, हे मला कुणी सांगितलंच नाही." त्यांच्या आवाजात राग होता, पण तो कुणावर ते कळत नव्हतं. "दोघंही गेला असतात. आणि मी घरी बसले असते."

ती शिडी चढून वर गेली आणि सासूबाईंना उतरवायला हात पुढे केला. त्यांनी तो लगेच धरला नाही. आधी नव्या गळ्याकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारच्या जुन्याकडे, दोन्हीवर पांढरं हिव धरलेलं होतं. मग तिचा हात धरला, चांगला घट्ट, आणि एकेक पायरी तपासत खाली उतरल्या.